सात पुड्या

त्स्काल्तुबोच्या त्या जुन्या आरोग्यधामात
मी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला.
आधी सांधे धरलेल्या खाणकामगारांसाठी,
मग तीन हिवाळे कुणासाठीच नाही,
मग मुरमानसाठी.

नंतर मुरमानांसाठी.

डॉक्टर एलिझबारनं निळ्या फरशीच्या हौदात
काय उकळलं, कसं गाळलं, मला विचारू नका.
मी उकळते तो राजमा.
एका सकाळी टेबलाला एक खुर्ची जास्त लागली,
वसंत येईतो सहा जास्त.
सातही जणांची डावी भुवई मधोमध तुटलेली.
ती तर कुतैसीच्या बाजारात बाटलीनं फुटली होती,
यांची कशी फुटली?
डॉक्टर म्हणाला, फोडली. एकेकाची. त्याच मापानं.

मुरमान खूश होता. म्हणाला, "नातेला,
अख्ख्या जगात माझा एकाच माणसावर भरवसा.
आता तो सात खोल्यांत झोपेल."
मी मीठ कुटत होते:
लसूण, धने, झेंडूची वाळकी पाकळी, वरच्या डोंगरातलं मीठ.
जिभेवर आलं होतं,
आणि जुम्बेरचं काय?
जुम्बेरनं याला फलाटावरून उचलला, बूट दिले,
आपल्या ताटातली भाकर मोडून दिली.
त्या जुम्बेरची गाडी रिओनीच्या पात्रात कुणी ढकलली
हे आमच्या गावात मांजरांनाही माहीत आहे.
विचारलं नाही.
कुटणारीनं कुटावं.

तुम्ही विचारता, साहेब,
ते खाल्ल्या मिठाला जागले का.
कागदावर सोपा दिसतो प्रश्न.
पण कुणाच्या मिठाला? कुटलं तर मी.

नोव्हेंबरात, द्राक्षं संपल्यावर,
मंगळवारी रात्री पहिला आला.
दार पायानं ढकलून, उंबऱ्यावर खोकून.
पिठाच्या डब्यामागे पुडी सारली.
"बाकी सहांच्या वाटीत. माझ्या नको.
खरा मीच, तुला कळतंच."
बुधवारी दुसरा. तोच खोकला, तशीच पुडी,
तेच 'तुला कळतंच'.
गुरुवारी दोघे, तासाभराच्या अंतरानं.
जिन्यावर एकमेकांना कसे चुकले कोण जाणे.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात,
इथे चोर एकच, वाटा सात.
आणि मला, खरं सांगते, काही कळत नव्हतं.

रविवारपर्यंत सहा पुड्या झाल्या.
सातवा आला नाही.
मी मनात म्हटलं, चला, निदान एक.

सोमवारी तो आला.
स्टूल ओढून बसला, अक्रोड फोडायला लागला.
टरफलं खाली, गर माझ्या वाडग्यात,
एक तुकडा तोंडात टाकला नाही.
मुरमाननं जन्मात माझ्यासाठी अक्रोड फोडला नव्हता.
वाडगा भरला तेव्हा म्हणाला,
"जुम्बेरला पोहता येत नव्हतं.
मला माहीत होतं."
मग खिशातून पुडी काढली, इतरांसारखीच दुमडलेली.
"ही माझ्या वाटीत."

आठवणी सातांनाही होत्या, साहेब,
हौदातून गाळून दिलेल्या, भुवईसारख्या मोजून.
लाज एकालाच कशी लागली?
तोच अस्सल होता,
की एकटाच नीट न उतरलेला?

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवलीच नाही.
पुड्या डब्यामागे आहेत, मोजून घ्या.
सात मुरमान उपाशी बसले रिकाम्या टेबलाशी,
एकमेकांच्या हातांकडे बघत.
मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेले.
पुढचं तुम्ही पाहिलंय.

बेइमान लिहू नका त्यांना.
जुम्बेरशी मुरमान जसा वागला
तसेच वागले, बरहुकूम.
याहून इमानी नक्कल कशी असते?

तुम्ही म्हणता, सहाच सापडले.
असेल.
अक्रोडाची टरफलं अजून स्टुलाखाली आहेत,
मी रोज त्यांच्या कडेकडेनं झाडते.